इंदूरला नवीन आलात? बकरा कुठल्या गावचा हे सांगणारं मटणाचं दुकान कसं शोधायचं

पुण्या-नागपूरहून बदली होऊन इंदूरला आलेले लोक पहिला महिना पोहे-जिलबी, सराफा आणि छप्पन दुकान यातच असतात, आणि मग एका शनिवारी संध्याकाळी हळूच विचारतात, ताई, इथे चांगलं मटण कुठे मिळतं हो? आमच्या सुदामानगरच्या गल्लीत हे मला इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. मी इथलीच, माहेर रामबागेतलं, बाबांचं बोट धरून मटण आणायला जायचे तेव्हापासून हे बघतेय, त्यामुळे खाली जे सांगतेय ते सगळं स्वतः करून बघितलेलं आहे.

दुकानाचं नाव मी देणार नाही, कारण मटणाचं दुकान घराजवळच हवं, चालत जाता येईल असं, जिथे खाटीक तुम्हाला तोंडानं ओळखेल. माझ्या मते चांगल्या दुकानाची एकच मोठी खूण आहे, ती म्हणजे समोर टांगलेला बकरा कुठल्या गावातून, कोणाच्या घरून आला हे त्याला न अडखळता सांगता आलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या मागोमाग येतं.

आधी नुसतं बघून या

पहिल्या दिवशी काही विकत घेऊ नका. सकाळी सात-साडेसातला जा, रविवार सोडून कुठल्याही वारी, कारण रविवारी गर्दीत काही दिसत नाही आणि खाटकाला बोलायला वेळ नसतो. भिंतीवर फूड लायसन्स लावलेलं असतं त्यावर 14 आकडी नंबर असतो, तो आहे का बघा. डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं उघड्यावर मांस-मासे विकायला बंदी घातली तेव्हापासून इथल्या बऱ्याच दुकानांना काच नाहीतर पडदा लागलाय, पण काच असली म्हणजे आत स्वच्छता असेलच असं नाही, म्हणून जरा वाकून आत बघाच.

माझी नजर सगळ्यात आधी ओंडक्यावर जाते. ज्या लाकडावर मटण तोडतात तो ओंडका बहुतेक चिंचेचा असतो, चिंचेचं लाकूड चिवट, सुऱ्यानं त्याचा भुसा पडत नाही. आमचे चाचा, म्हणजे आमचे हल्लीचे खाटीक, रोज दुकान बंद करताना पातीनं तो ओंडका खरवडतात, वरचा ओला थर काढतात, मग मूठभर जाडं मीठ चोळून ठेवतात, सकाळी ते मीठ झटकलं की खालचं लाकूड कोरडं आणि फिकट निघतं. लहानपणी बाबांबरोबर जायचे त्या दुकानातही मी हे तासन्‌तास बघायचे. ज्या दुकानात ओंडका काळा, ओलसर, मधे खड्डा पडलेला आणि जवळ गेलं की आंबूस वास मारणारा असेल तिथून मी काही न बोलता परत येते. दुसरं बघायचं ते पाणी, नळ आहे का एकाच बादलीत सुऱ्या, हात आणि फडकं सगळं बुडवतायत. एवढं पुरे.

मग विचारा, भैया बकरा कहाँ का है

हे हिंदीतच विचारावं लागतं, आणि विचारताना तपासणी करतोय असा सूर लावू नका, सहज विचारा. मी पहिल्यांदा आमच्या हल्लीच्या दुकानात विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "बेटा, ये दोनों मानपुर तरफ के हैं, एक ही घर के, और वो पीछे वाला देपालपुर का।" तिथेच मी ठरवलं की आपलं दुकान हेच. "अरे मैडम, एकदम फ्रेश है" एवढंच उत्तर मिळालं तर समजा त्याला माहीत नाही किंवा सांगायचं नाही.

इंदूरच्या आसपास बकरे कुठून येतात याचा थोडा अंदाज असू द्या. जवळचे म्हणजे देपालपूर, सांवेर, महू, मानपूर इकडचे, घाट उतरलं की निमाड, म्हणजे खरगोन-बडवानी, आणि पश्चिमेला धार, झाबुआ, आलिराजपूर, जिथे भिल घरांमध्ये दोन-चार बकऱ्या आणि कोंबड्या असतातच आणि पैशाची गरज पडली की आठवडी हाटात नेऊन विकतात. याशिवाय राजस्थानातून ट्रकनं येणारा मालही भरपूर असतो, सिरोही जातीचे तपकिरी ठिपक्यांचे मोठे बकरे. तेही वाईट नसतात, पण रात्रभर ट्रकमध्ये दाटीवाटीनं उभा राहून, उपाशी-तहानलेला आलेला बकरा लगेच कापला तर मांस गडद, कोरडं आणि चिकट निघतं आणि लवकर खराब होतं, कारण घाबरलेल्या-दमलेल्या जनावराच्या स्नायूंमधली साखर आधीच संपलेली असते आणि मग मांसात जो आंबटपणा यायला हवा तो येतच नाही. म्हणून जवळचा बकरा बरा, आणि त्याहून बरा तो जो आदल्या दिवशी येऊन रात्रभर पाणी पिऊन शांत बसलाय.

तर दुसरा प्रश्न हा, कल आया कि आज आया? आणि तिसरा, खाता क्या था? आपल्याकडच्या बकऱ्या बोर, बाभळीच्या शेंगा, कडुलिंब असलं झाडपाल्याचं खातात, आणि हरभरा निघाला की त्याचं भूस. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं रिकामी झाल्यावर जे बकरे येतात त्यांच्या मटणाला वेगळीच चव असते, कोणाला पटो ना पटो, मला ती कळते. जंताचं औषध किंवा इंजेक्शन नुकतं दिलं असेल तर काही दिवस ते जनावर कापायचं नसतं, किती दिवस ते औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, त्याबद्दलही विचारायला लाजू नका. आणि नियमाप्रमाणे जनावर अधिकृत कत्तलखान्यात डॉक्टरांनी तपासल्यावरच कापायचं असतं, तर कुठे कापलं हेही विचारा, चांगला खाटीक चिडत नाही. हलाल-झटका यातलं काही तुमच्या घरी पाळत असतील तर तेही आधीच विचारून घ्या, इथे दोन्ही प्रकारची दुकानं आहेत.

समोरचं मटण वाचायला शिका

चांगल्या बोकडाचं मांस गुलाबीकडे झुकणारं लाल असतं आणि चरबी पांढरी, घट्ट. बोट दाबलं की खळगा लगेच भरून यायला हवा. वास जवळजवळ नसतोच. वरून ओलं चकाकत असेल तर पाणी मारलंय का असं सरळ विचारा.

बरेच खाटीक टांगलेल्या धडाला शेपूट आणि नराची खूण मुद्दाम ठेवतात, ती बघा, त्यावरून बोकड की शेळी की मेंढी ते कळतं. बकऱ्याचं शेपूट आखूड आणि वर वळलेलं, मेंढीचं खाली लोंबणारं. मेंढी वाईट असं अजिबात नाही, माळव्यात तिला गाडर म्हणतात, पावसाळ्यानंतर राजस्थानचे रेबारी मेंढपाळ कळप घेऊन इकडे उतरतात, आणि होळकरांचं घराणंच मुळात धनगरांचं, तेव्हा इंदुरात मेंढीला कमी लेखायचं काही कारण नाही. पुण्याकडे बोल्हाईचं मटण म्हणून मेंढीचंच मटण लोक आवडीनं खातातच की. फक्त बोकडाचे पैसे देऊन मेंढी घरी यायला नको. मेंढीला कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, बकऱ्याची चरबी जास्त करून आत, गुर्द्याभोवती असते, हे एकदा शेजारी शेजारी बघितलं की कायमचं लक्षात राहतं.

वय दातावरून. दुधाचे दात असतील तर वर्ष-सव्वा वर्षाच्या आतला, समोरचे दोन मोठे दात आले म्हणजे साधारण वर्ष ते दीड वर्ष, चार म्हणजे दोनच्या आसपास. रस्सा-बिर्याणीला अदात, म्हणजे अजून दुधाचे दात असलेला, नाहीतर दोन दाती घ्या. चार दातीच्या पुढचा बकरा पाया आणि अळणी सूपला छान, पण रविवारच्या जेवणाला शिजता शिजत नाही. मुंडी दुकानात ठेवलेलीच असते, दात दाखवा म्हटलं की दाखवतात.

काय मागायचं आणि कुठल्या शब्दात

नवीन लोकांची खरी पंचाईत इथे होते. आपण म्हणतो मांडी द्या, तो बघत राहतो. मांडीला रान म्हणायचं. आपला फरा म्हणजे इथली दस्ती. छातीला सीना, बरगडीला चांप, मानेला गर्दन, नळीला नल्ली, वजडीला ओझड़ी, कलेजी-गुर्दा तेच. पुठ मात्र पुठच.

नुसतं एक किलो मटण दे म्हटलं की जे पुढे असेल ते मिळतं, म्हणून पदार्थ सांगा. रस्सा करायचा असेल तर थोडा सीना, थोडी पुठ, दोन नल्ल्या आणि बाकी दस्ती, असं मिसळून घ्या, सीन्याच्या चरबीनंच तर्री येते. सुक्याला रान. खिम्याला दस्ती घ्या आणि डोळ्यासमोर करून घ्या, आधी तुकडा वजन करून मग खिमा, आधीच करून ठेवलेला खिमा मी कधीच घेत नाही कारण त्यात काय गेलंय ते कोणालाच कळत नाही. चांगलं हाडाचं सूप हवं असेल तर गर्दन, स्वस्त पडते आणि लोकांना माहीत नसते. बोटी छोटी की बडी हेही सांगायचं, आणि वजन चरबी-छिछडे काढायच्या आधीचं की नंतरचं हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यायचं, दोन्ही पद्धती चालतात, भावात फरक असतो.

कोंबडी आणि कडकनाथ, थोडक्यात

ब्रॉयलर जिवंत वजनावर घेतली तर लक्षात ठेवा, दोन किलोची कोंबडी कातडी काढून साफ केल्यावर साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम भरते. म्हणजे जिवंतचा भाव स्वस्त दिसला तरी हिशोब करून बघा.

कडकनाथ इथलीच, झाबुआ-आलिराजपूरची, भिलांची कोंबडी, स्थानिक लोक तिला कालामासी म्हणतात, आणि झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला 2018 मध्ये जीआय टॅग मिळाला. ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार होते, कडकनाथला दीड किलोच्या आसपास यायला पाच-सहा महिने लागतात, त्यामुळे स्वस्तात कडकनाथ कोणी देत असेल तर शंका घ्या. हिचं काळेपण पिसांपुरतं नसतं, तुरा, चोच, जीभ, पाय, मांस सगळं काळपट असतं. मात्र रक्त काळं असतं किंवा अंडं काळं असतं असं कोणी सांगितलं तर ती थाप आहे, रक्त लालच असतं, जरा गडद, आणि अंडं फिकट बदामी. शिजवताना घाई नको, चरबी कमी असते, मंद आचेवर पाऊण तास द्या, ब्रॉयलरसारखी वीस मिनिटांत उतरवलीत तर चावत बसाल.

वाटा घाला

आता माझ्या सगळ्यात आवडीचं. गावाकडे आपल्यात पद्धत होती, चार-पाच घरांनी मिळून एक बोकड घ्यायचा आणि वाटे घालायचे. शहरात आल्यावर हे बंद झालं, आणि आम्ही ते इथे परत सुरू केलं, चार मराठी घरं, महिन्यातून एकदा. नवीन आलेल्यांनी दोन-तीन महिन्यांत खाटकाशी ओळख झाली की हे नक्की करून बघावं.

कसं करायचं ते सांगते. चार दिवस आधी खाटकाला सांगायचं, वीस-बावीस किलोचा, दोन दाती, खस्सी केलेला बोकड हवा, आणि थोडा अ‍ॅडव्हान्स द्यायचा. बावीस किलो जिवंत वजनातून धड साधारण दहा-अकरा किलोचं निघतं, म्हणजे चार घरांना अडीच-अडीच किलो, शिवाय कलेजी, गुर्दा, वजडी. मुंडी आणि पाय आम्ही पाळीनं देतो, या महिन्यात कुलकर्णी तर पुढच्या महिन्यात आम्ही (हो, कुलकर्णीसुद्धा).

आमच्या पहिल्या वाट्याच्या दिवशी चाचांनी पळसाची मोठी पानं अंथरली, चार ढीग केले, रानाचा एक तुकडा इथे, एक तिथे, मग दस्ती, मग चांपा मोजून मोजून, नल्ल्या चारच त्यामुळे एकेक, शेवटी कलेजी सुऱ्यानं चार भागात आणि प्रत्येक ढिगावर एक भाग ठेवला. वजन काटा बाजूलाच होता पण त्यांनी हातानंच केलं आणि मग काट्यावर ठेवून दाखवलं, चार ढिगांत जेमतेम पन्नास ग्रॅमचा फरक. मी तरी थक्क झाले.

यातला महत्त्वाचा मुद्दा भावाचा आहे. हाटात बकरा बहुतेक उक्ता, म्हणजे वजन न करता अंदाजानं, विकला जातो, व्यापारी पाठीचा कणा आणि कंबर चाचपतो, एकदा उचलून बघतो आणि आकडा सांगतो, आणि समोर उभ्या माणसाला घरी पैशाची नड असते, बी-बियाणं, आजारपण, लग्न, त्यामुळे तो हो म्हणतो. व्यापाऱ्याचा हात तरबेज असतो, पाळणाऱ्याचा नसतो, आणि तो फरक दर वेळी पाळणाऱ्याच्याच खिशातून जातो. म्हणून आम्ही खाटकाला पहिल्यापासून सांगितलंय की आमचा बकरा काट्यावर जिवंत वजन करूनच घ्यायचा, किलोचा भाव ठरवून, आणि वजन पाळणाऱ्याला दाखवायचं. चाचांनी लटकवायचा काटा घेतला, आता ते तोच काटा मोटरसायकलवर घेऊन गावात जातात. मानपूरकडच्या त्या घरचे लोक आता बकरा हाटात न नेता आधी चाचांना फोन करतात. चांगला बकरा आमच्यापर्यंत येतो तो यामुळेच, त्यामुळे वाट्याच्या बकऱ्यावर घासाघीस करू नका, खाटकाची मजुरी वेगळी विचारून घ्या आणि ती पूर्ण द्या.

घरी आल्यावर

स्टीलचा झाकणाचा डबा घेऊन जा. मे महिन्यात इंदूर चाळिशी पार करतं, मटण घेऊन मग भाजी मग किराणा असं फिरू नका, मटण शेवटी घ्या आणि सरळ घरी.

आता माझी फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरचे सगळे जेवायला येणार होते, मी हौसेनं अकरा वाजता समोर कापून घेतलेलं मटण आणलं आणि तडक कुकरला लावलं. दहा शिट्ट्या झाल्या, मटण रबरासारखं. सासूबाई काही बोलल्या नाहीत पण रस्सा-भाकरीच खाल्ली. नंतर चाचांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, गोश्त को आराम तो करने देती।" कापल्यावर काही तासांत मांस ताठरतं, आणि थंडाव्यात ठेवलं तर साधारण एका दिवसात परत सैल पडतं. म्हणून पाहुणे रविवारी असतील तर मटण शनिवारी सकाळी आणा, हळद-मीठ-आलं-लसूण लावून झाकून फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, रविवारी निम्म्या वेळात शिजतं.

धुवायचं असेल तर पातेल्यात, नळाखाली धरू नका, शिंतोडे ओटाभर उडतात, आणि चिकनच्या बाबतीत तर ते शिंतोडेच जास्त धोक्याचे. फ्रिज 4 डिग्रीच्या खाली असेल तर दोन दिवस चालतं, त्यापुढे ठेवायचं तर अर्ध्या-अर्ध्या किलोची पाकिटं करून फ्रीजरला. बाहेर काढून ओट्यावर वितळवू नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. हाडं गिल्या कचऱ्याच्या डब्यात, गाडीवाले सकाळी बघतात, सुक्यात सापडली तर परत देतात.

कधी मिळणार नाही ते माहीत असू द्या

गांधी जयंती, महावीर जयंती आणि असे काही दिवस महापालिका मटणाची दुकानं बंद ठेवायला सांगते, पेपरमध्ये येतं, आदल्या दिवशी बघून घ्या. बकरी ईदच्या आधीचे दोन-तीन आठवडे बकरा महाग होतो, त्या महिन्यात आम्ही वाटा घालत नाही.

आणि सगळ्यात मोठा घोळ श्रावणाचा. इथलं हिंदी कॅलेंडर पौर्णिमेनंतर महिना बदलतं, आपलं अमावास्येनंतर, त्यामुळे इथला सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागतो, आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी. म्हणजे आपली गटारी येते तेव्हा इथले निम्मे गिऱ्हाईक आधीच बंद झालेले असतात, खाटीक माल कमी आणतो, आणि आपण सगळे मराठी लोक एकाच दिवशी सकाळी दुकानासमोर उभे. माझ्या दिरांना त्या दिवशी दोनदा रिकाम्या हातानं परत यावं लागलंय. आषाढी एकादशी झाली की त्याच आठवड्यात खाटकाकडे जा, त्यांना अमावास्येची तारीख कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवा, कारण त्यांच्या डोक्यात ती आपली गटारी नसते, आणि किती किलो ते सांगून नाव लिहून घ्या. आमच्या चाचांच्या वहीत त्या तारखेसमोर आता नुसतं "मराठी लोग" असं लिहिलेलं असतं आणि खाली घरांची यादी.